सनद आणि दाद

साताऱ्याच्या जिल्हा न्यायालयात दिवाणी बाजूचे काम करता करता मला बावीस वर्षे झाली. वहिवाटीचे रस्ते, बांधाचे तंटे, वाटपाचे दावे आणि देवस्थान-इनामाच्या जमिनी यांच्या कागदपत्रांत जिचे आयुष्य गेले, अशा वकीलबाईने वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी तीन आठवड्यांच्या तारखा पुढे मागून घ्याव्यात आणि आंतरराष्ट्रीय संघटनांचा कायदा शिकण्यासाठी नेदरलँड्समधील हेग शहर गाठावे, याचे बाररूममधील ज्येष्ठांना नवल वाटणे स्वाभाविक होते. त्यांतल्या एका वयोवृद्ध वकीलसाहेबांनी चहाचा कप खाली ठेवत मला एवढेच विचारले, ‘‘बाई, तिथल्या हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीची दरखास्त कुठल्या कोर्टात लावायची?’’ प्रश्न त्यांनी जाता जाता विचारला होता. परंतु हेगमधील एकही दिवस असा गेला नाही की ज्या दिवशी तो मला नव्याने आठवला नाही.

या अभ्यासाची ओढ लागली ती २०१७ च्या मे महिन्यात. न्यायालयाला उन्हाळी सुटी होती आणि मी घरीच होते. पाकिस्तानच्या लष्करी न्यायालयाने देहान्ताची शिक्षा फर्मावलेल्या कुलभूषण जाधव यांच्या बाबतीत, अंतिम निर्णय लागेपर्यंत त्या शिक्षेची अंमलबजावणी होऊ नये यासाठी उपाय योजावेत, असा अंतरिम आदेश आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १८ मे रोजी दिला. भारताची बाजू नागपुरात वाढलेल्या हरीश साळवे यांनी मांडली होती, आणि महाराष्ट्रातल्या घराघरांत त्या दिवशी हेगचे नाव पोहोचले होते. पुढे १७ जुलै २०१९ रोजी न्यायालयाने पंधरा विरुद्ध एक अशा मताने ठरवले की १९६३ च्या व्हिएन्ना करारान्वये बंद्याला स्वदेशाच्या वकिलातीशी संपर्क साधू देण्याचे जे बंधन होते, ते पाकिस्तानने मोडले, आणि म्हणून त्या शिक्षेचा परिणामकारक फेरविचार झाला पाहिजे. ते निकालपत्र मी दोनदा वाचले. दुसऱ्या वाचनात माझे दिवाणी मन एका गोष्टीपाशी अडखळले: ज्याच्या जिवाचा प्रश्न होता, तो मनुष्य त्या दाव्यात पक्षकारच नव्हता. वादी भारत, प्रतिवादी पाकिस्तान. त्या न्यायालयाच्या संविधीचे ३४ वे कलम सांगते की तेथे केवळ राज्ये पक्षकार होऊ शकतात. व्यक्ती नाही, गाव नाही, आणि ज्या संयुक्त राष्ट्रसंघाचे ते न्यायालय प्रमुख न्यायांग आहे, तो राष्ट्रसंघसुद्धा नाही; त्याला फार तर सल्ला मागता येतो. मग हा राष्ट्रसंघ कायद्याच्या दृष्टीने आहे तरी कोण, आणि त्याच्याविरुद्ध कोणाची तक्रार असेल तर त्याने जावे कोठे, हा प्रश्न मनात रुजला तो तेव्हा.

राहण्याची सोय डेल्फ्ट गावात झाली होती, आणि १ क्रमांकाची ट्राम रोज सकाळी मला तेथून हेगला नेत असे. डेल्फ्टच्या चौकात ह्यूगो ग्रोटियसचा पुतळा आहे आणि त्याच चौकाच्या टोकाच्या चर्चमध्ये त्याची समाधी आहे. समुद्र कोणा एकाच्या मालकीचा होऊ शकत नाही, हा सिद्धान्त १६०९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याने मांडला, तो मांडताना त्याच्या डोळ्यांसमोर होते ते आपल्याच बाजूच्या समुद्रावर मक्ता सांगणारे पोर्तुगीज. हेगमधल्या ज्या शांतिप्रासादापाशी, म्हणजे आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या वास्तूपाशी, मी उतरत असे, तो अँड्र्यू कार्नेगीने दिलेल्या १५ लाख डॉलरांतून उभा राहिला आणि २८ ऑगस्ट १९१३ रोजी उघडला. त्यानंतर वर्षाच्या आत महायुद्ध पेटले. प्रासादाच्या आवारात १९२३ पासून, दुसऱ्या महायुद्धासारखे खंड सोडल्यास, आंतरराष्ट्रीय कायद्याच्या अकादमीचे उन्हाळी वर्ग भरत आले आहेत. माझा वर्ग मात्र तेथून पायी दहा मिनिटांवरच्या एका लहानशा विद्यासंस्थेत होता. प्रासादाशी माझा संबंध आला तो तेथील ग्रंथालयामुळे, आणि त्याविषयी पुढे सांगायचेच आहे.

वर्गात आम्ही अठ्ठावीस जण होतो. सकाळी तीन व्याख्याने, दुपारी चर्चासत्र, आणि दुसऱ्या दिवसासाठी साठ-सत्तर पृष्ठांचे वाचन. शेरमर्स आणि ब्लोकर यांचा, हजाराहून अधिक पृष्ठांचा, आंतरराष्ट्रीय संस्थांच्या कायद्यावरील ग्रंथ सर्वांच्या मेजांवर असे, आणि जुलैमधला डच उजेड रात्री दहापर्यंत टिकत असल्यामुळे खिडकीशी बसून तो वाचता येई. अशा सलग वर्गाचा जो गुण आहे तो वकिलाला चटकन कळतो. एखादा दावा रोज चालला की साक्षीदारांचे जबाब एकमेकांशी ताडून पाहता येतात, सोमवारच्या कबुलीतला विसंवाद बुधवारच्या कागदात सापडतो. आणि तोच दावा तारखांवर तारखा पडत वर्षानुवर्षे रेंगाळला की कागद राहतात, पण त्यांचा परस्परसंबंध मनातून निसटून जातो. तीन आठवड्यांत एक शास्त्र शिकून होत नाही, हे खरे. परंतु त्याची सगळी अंगे एकाच वेळी जागी राहतात, आणि ज्या प्रश्नांना एरवी वेगवेगळ्या प्रकरणांत घालून विसरले असते, ते एकमेकांना ओळखू लागतात.

पहिल्या दिवशी आमच्या प्राध्यापिकाबाईंनी व्याख्यान दिलेच नाही. साठी ओलांडलेल्या, कागद नेहमी छातीशी धरून चालणाऱ्या त्या बाईंनी प्रत्येकासमोर एकेक पान ठेवले. त्यावर केवळ घटना लिहिल्या होत्या: राष्ट्रसंघाने पॅलेस्टाइनमध्ये मध्यस्थ म्हणून पाठवलेले स्वीडनचे काउंट फोल्के बर्नादोत यांची १७ सप्टेंबर १९४८ रोजी जेरुसलेममध्ये हत्या झाली, त्यांच्यासोबत फ्रेंच कर्नल आंद्रे सेरो हेही मारले गेले, इस्रायल तेव्हा राष्ट्रसंघाचा सभासद नव्हता. खाली एकच प्रश्न होता: वादी कोण?

स्वीडन, असे कोणी म्हणाले. बर्नादोत यांचे कुटुंबीय, असे दुसरे कोणी. वास्तविक हाच प्रश्न १९४८ च्या डिसेंबरात सर्वसाधारण सभेने आंतरराष्ट्रीय न्यायालयाला विचारला होता, आणि ११ एप्रिल १९४९ रोजी न्यायालयाने दिलेले अभिमत हा या शास्त्राचा पाया होय. राष्ट्रसंघाच्या सनदेत ‘हा संघ म्हणजे एक विधिव्यक्ती आहे’ असे वाक्य कोठेही नाही. पण त्याच्यावर जी कामे सोपवली आहेत, ती व्यक्तित्वावाचून पार पडणे शक्य नाही; तेव्हा ते व्यक्तित्व त्याला आहेच, असे न्यायालयाने म्हटले. इतकेच नव्हे, तर जगातील बहुतेक राज्यांनी मिळून ज्याला जन्म दिला, त्याचे व्यक्तित्व सभासद नसलेल्या राज्यालाही नाकारता यायचे नाही. म्हणजे आपल्या सेवकाच्या हत्येबद्दल नुकसानभरपाई मागण्याचा हक्क खुद्द राष्ट्रसंघाला आहे. इस्रायलने पुढे १९५० मध्ये ५४,६२८ डॉलर भरले.

ही कल्पना वर्गातल्या युरोपीय मुलांना अवघड वाटत होती. बाईंनी विचारले, कोणाच्या देशात याहून जुने उदाहरण आहे काय? मी हात वर केला आणि म्हटले, आमच्याकडे देव फिर्याद करतो. सारा वर्ग माझ्याकडे वळून पाहू लागला तेव्हा मी माझ्या रोजच्या कामातलीच हकीकत सांगितली. गावातल्या मंदिराची इनाम जमीन असते. तिचा मालक पुजारी नव्हे, पंच नव्हेत, गावही नव्हे, तर मूर्तिरूप देव. देव बोलत नाही, म्हणून वहिवाटदार त्याच्यातर्फे न्यायालयात उभा राहतो. पण वहिवाटदार म्हणजे देव नव्हे, आणि त्याने देवाचे अहित केले तर भक्तालाही देवाच्या वतीने उभे राहता येते. हे आमच्या लोकांना धर्मशास्त्राने आणि व्यवहाराने पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. १९२५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलनेही एका बंगाली कुटुंबाच्या तंट्यात ते मान्य केले. बाई लक्षपूर्वक ऐकत होत्या. माझे संपल्यावर त्यांनी विचारले, ‘‘आणि देवावर दावा लावता येतो का?’’

‘‘येतो,’’ मी म्हटले. ‘‘देवावर समन्स निघते. वहिवाटदार ते घेतो, कैफियत देतो, हरला तर हुकूमनामा देवावर होतो.’’

त्यांनी माझे वाक्य फळ्यावर लिहिले आणि त्याच्याखाली रेघ ओढली. त्या रेघेखाली काय यायचे होते ते दुसऱ्या आठवड्यात कळले.

पहिल्या आठवड्याचा उत्तरार्ध सभासदत्वाच्या प्रकरणात गेला. या प्रकरणात भारताचे नाव वारंवार येते. स्वतः परतंत्र असताना राष्ट्रसंघाच्या सनदेवर २६ जून १९४५ रोजी सही करणारा भारत, फाळणीनंतर तोच सभासद राहिला की दोन नवी राज्ये निर्माण झाली, असा वाद १९४७ च्या ऑगस्टात उपस्थित झाला होता; राष्ट्रसंघाच्या कचेरीने अभिप्राय दिला की भारताचे सभासदत्व अखंड आहे आणि पाकिस्तानने नव्याने अर्ज करावा, आणि ३० सप्टेंबरला पाकिस्तान आत आला. त्यानंतर शीतयुद्धाच्या अडवणुकीत कित्येक राज्यांचे अर्ज अडकून पडले. एका अर्जदाराला मत देताना ‘दुसऱ्यालाही घ्या’ अशी अट घालता येत नाही, असे अभिमत न्यायालयाने २८ मे १९४८ रोजी दिले होते. तरीही सात वर्षांनी, १४ डिसेंबर १९५५ रोजी, सोळा राज्ये एकगठ्ठा आत घेतली गेली ती देवघेव ठरवूनच. त्या सोळांत पोर्तुगाल होता.

ही ओळ वाचून मी थबकले. आपल्या दिवाणी भाषेत सांगायचे तर पोर्तुगालला भारताविरुद्ध दाव्याचे कारण १९५४ च्या जुलैतच घडले होते. मुंबई-पुण्याहून गेलेल्या स्वयंसेवकांनी, ज्यांत सुधीर फडके आणि राजा वाकणकर होते, आणि आझाद गोमंतक दलासारख्या संघटनांनी त्या महिन्यात पोर्तुगीजांच्या ताब्यातले दादरा व नंतर ऑगस्टच्या आरंभी सिल्व्हासा मुक्त केले. किनाऱ्यावरच्या पोर्तुगीज दमणहून या गावांकडे जायला भारतीय मुलुखातून वाट हवी. ती वाट भारताने बंद केली. पण पोर्तुगालला फिर्याद करायला दार नव्हते. सनदेच्या ९३ व्या कलमान्वये राष्ट्रसंघाचा सभासद झाला की तो आपोआप न्यायालयाच्या संविधीचा पक्षकार होतो. १४ डिसेंबरला पोर्तुगाल सभासद झाला. १९ ला त्याने न्यायालयाचा सक्तीचा अधिकार मान्य असल्याचे जाहीर केले. आणि २२ ला भारतावर दावा दाखल केला. घोषणेची नक्कल इतर राज्यांपर्यंत पोहोचायच्या आतच केलेला हा दावा ऐकू नये, अशी भारताची एक प्राथमिक हरकत होती, ती न्यायालयाने १९५७ मध्ये फेटाळली.

त्या दाव्याचे खंड शांतिप्रासादाच्या ग्रंथालयात आहेत, आणि ते मी चार दुपारी मागवून वाचले. उंच खिडक्यांतून येणारा पांढरा प्रकाश, मेजावरचे हिरव्या काचेचे दिवे, आणि समोर उघडलेल्या पानावर पुणे हे नाव. पोर्तुगालचा मूळ आधार होता १७७९ च्या डिसेंबरातला पुण्याचा तह. सवाई माधवरावांच्या काळात, नाना फडणविसांच्या कारभारात, इंग्रजांशी युद्ध चालू असताना पोर्तुगीजांची मैत्री राखण्यासाठी केलेला, आणि ज्याच्या वाटाघाटींत पोर्तुगीजांतर्फे गोव्याचे नारायण विठ्ठल धुमे होते, तो हा तह. त्यात दरसाल १२,००० रुपये वसुलाची गावे पोर्तुगीजांना देण्याचे कलम होते. पुढे १७८३ व १७८५ मध्ये त्या गावांच्या सनदा झाल्या. प्रश्न असा पडला की पेशव्यांनी दिले ते काय: मुलूख, की मुलुखाचा वसूल? सार्वभौमत्व, की सरंजाम?

एकोणिसशे साठ साली, जगाच्या सर्वोच्च न्यायपीठावर, पंधरा न्यायाधीश जहागीर आणि सरंजाम या शब्दांचा अर्थ लावत बसले होते, ही गोष्ट वाचताना, इनामवर्गाच्या जमिनींचे दावे चालवणाऱ्या माझ्यासारखीला काय वाटले असेल, ते तसले दस्तऐवज ज्यांनी हाताळले आहेत त्यांनाच समजेल. भारतातर्फे अॅटर्नी जनरल मोतीलाल सेटलवाड उभे होते. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले महमदअली छागला भारताने नेमलेले तदर्थ न्यायाधीश म्हणून पीठावर होते. तहाच्या निरनिराळ्या पाठांत मेळ नाही आणि दोन्ही बाजूंना मान्य असा अस्सल पाठच नाही, ही भारताची हरकत होती. तह झालाच नाही, इथपर्यंत न्यायालय गेले नाही. पण मराठ्यांच्या राज्यात सार्वभौमत्व देताना जी भाषा वापरली जाई, ती येथे नाही, हे तर वसुलाचे दान आहे, जहागीर किंवा सरंजाम आहे, असे त्याने ठरवले. माझ्या आजोबांच्या वेळच्या कज्ज्यांत जे शब्द मी वाचले, ते तेथे फ्रेंच आणि इंग्रजी वाक्यांच्या मधोमध जसेच्या तसे छापलेले होते. नंतर इंग्रजी अमलात मात्र पोर्तुगीजांची त्या गावांवरची सत्ता मानली गेली, असेही न्यायालयाने म्हटले. १२ एप्रिल १९६० चा निकाल मधला होता: खासगी माणसे, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांना वाट होती, फौजेला व शस्त्रांना नव्हती, आणि भारताने आपले कोणतेही बंधन मोडले नाही.

चौथ्या दुपारी खंड मिटताना मी शोधत होते ते काही मला सापडले नव्हते. ज्या गावांविषयी हे सारे चालले होते, त्या गावांतल्या वारली, कोकणा, धोडिया माणसांपैकी कोणाचा आवाज मला त्या दाव्यात ऐकू आला नाही. ती माणसे तिथे यायची तरी कशी? ३४ वे कलम तिथेही होतेच.

दुसऱ्या सोमवारी बाईंनी फळ्यावर पुन्हा माझे जुने वाक्य लिहिले आणि रेघेखाली नवा विषय मांडला: विशेषाधिकार आणि उन्मुक्ती. सनदेचे १०५ वे कलम व १९४६ चा करार यांनुसार राष्ट्रसंघावर कोणत्याही देशाच्या न्यायालयात दावा चालत नाही. आपल्याकडेही १९४७ चा एक अधिनियम त्यासाठी आहे. देव फिर्याद करतो आणि देवावर फिर्यादही होते. राष्ट्रसंघ फिर्याद करू शकतो. त्याच्यावर होत नाही.

याला कारणे आहेत, आणि ती क्षुल्लक नाहीत. ज्या संघाचा स्वतःचा एक बिघाभर मुलूख नाही, ज्याची कचेरी दुसऱ्याच्या जमिनीवर, दुसऱ्याच्या पोलिसांच्या भरवशावर चालते, त्याच्या दारात उद्या कोणत्याही तालुक्याचा बेलीफ जप्तीचे वॉरंट घेऊन उभा राहिला, तर दुष्काळात धान्य वाटणाऱ्या मोटारीसुद्धा जागच्या हलणार नाहीत. हे मला पटते. पण त्याच कराराच्या २९ व्या कलमात दुसरी बाजू लिहिलेली आहे: खासगी कायद्याच्या स्वरूपाचे जे तंटे उद्भवतील, ते मिटवण्याची योग्य व्यवस्था राष्ट्रसंघानेच करावी. उन्मुक्ती ही अर्धी सनद आहे आणि हे कलम उरलेली अर्धी. आणि अशी व्यवस्था करणे संघाला जमत नाही, असेही नाही. त्याच्या नोकरवर्गासाठी न्यायाधिकरणे आहेत; २००९ पर्यंत जे प्रशासकीय न्यायाधिकरण होते, त्याने मॅकार्थीच्या कम्युनिस्टविरोधी मोहिमेच्या काळात अमेरिकेच्या दबावामुळे काढलेल्या कर्मचाऱ्यांना भरपाई दिली, आणि ती देणे सर्वसाधारण सभेला नाकारता येत नाही, असे आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९५४ मध्ये स्पष्ट सांगितले. म्हणजे घरातल्या माणसाला दाद आहे. दाराबाहेरच्याला?

त्या दिवशीचे वाचन हैतीचे होते. जानेवारी २०१० च्या भूकंपाने तो देश उद्ध्वस्त झालेला असताना, त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, जिथे शंभर वर्षांत पटकी माहीत नव्हती तिथे ती फुटली. मिर्बाले गावाजवळच्या शांतिसैनिकांच्या तळाचा मैला ओढ्यातून आर्तिबोनीत नदीत गेला होता; तळावरची तुकडी नेपाळची होती. सुमारे १०,००० माणसे मेली, आठ लाखांच्या आसपास आजारी पडली. पाच हजार बाधितांनी २०११ मध्ये राष्ट्रसंघाकडेच अर्ज केला. हैतीशी झालेल्या करारात असे तंटे ऐकण्यासाठी एक मंडळ नेमायचे कबूल होते. ते कधी नेमलेच गेले नाही. २०१३ च्या फेब्रुवारीत उत्तर आले की हे अर्ज २९ व्या कलमाखाली दाखल करून घेण्याजोगे नाहीत. मग लोक न्यूयॉर्कच्या न्यायालयात गेले. २०१६ च्या ऑगस्टात तिथल्या अपील न्यायालयाने उन्मुक्तीच्या आधारे दरवाजा बंद केला. डिसेंबरमध्ये महासचिव बान की-मून यांनी हैतीच्या जनतेची माफी मागितली. माफी मागितली, फिर्याद मात्र कोठेच ऐकली गेली नाही.

माझ्या शेजारी काठमांडूचा एक तरुण सरकारी वकील बसत असे. एरवी वर्गात सर्वांत आधी बोलणारा तो मुलगा त्या दिवशी संपूर्ण तास खाली मान घालून पेन्सिलीने वहीच्या कडेला रेघा ओढत होता. सुटल्यावर आम्ही दोघे कालव्याच्या काठाने चालत गेलो. बराच वेळ गेल्यावर तो हिंदीत म्हणाला, ‘‘दिदी, आमच्या डोंगरातून गेलेल्या पोरांवर सगळ्या जगाने बोट ठेवले. माझा चुलतभाऊ फौजेत आहे. तो तिथे नव्हता, तरी गावात त्याला लोक विचारतात. तळाचा मैला नेण्याचा ठेका कोणाचा होता, खड्डा कोणी खणला, तपासणी न करता तुकडी कोणी पाठवली, हे सगळे अहवालांत आहे. पण शपथेवर, उलटतपासात, हे कोणाला कधी विचारलेच गेले नाही.’’ मग तो थांबून म्हणाला, ‘‘खटला चालला असता तर आमचीही बाजू कुठेतरी लिहिली गेली असती.’’

न्यायालयात दाद नाकारली गेली की ज्याचे नुकसान झाले त्याचाच तोटा होतो, असे मी तोवर समजत होते. ज्याच्यावर आरोप आहे, त्यालाही सुटकेची वाट त्याच दारातून असते, हे मला त्या मुलाने शिकवले.

तिसऱ्या आठवड्यात वर्गातली चर्चा नेदरलँड्सच्याच अंगणात आली. जुलै १९९५ मध्ये बोस्नियातल्या स्रेब्रेनित्सात आठ हजारांहून अधिक पुरुष आणि मुलगे मारले गेले, तेव्हा त्या ‘सुरक्षित क्षेत्रा’वर राष्ट्रसंघाच्या निळ्या शिरस्त्राणांत डच पलटण होती. ११ जुलैला संध्याकाळी हेगच्या प्लाइन चौकात जमलेल्या लोकांच्या मागे मीही जाऊन उभी राहिले होते. भाषा कळत नव्हती, पण नावे वाचली जात आहेत एवढे कळत होते. त्या मृतांच्या आयांनी इथल्या न्यायालयांत राष्ट्रसंघावर दावा लावला, आणि २०१२ मध्ये डच सर्वोच्च न्यायालयाने उन्मुक्ती मान्य केली. स्ट्रासबुर्गच्या मानवी हक्क न्यायालयानेही पुढल्या वर्षी तेच धरले. उरला तो डच राज्यावरचा दावा. त्यात तळाच्या आतून बाहेर पाठवल्या गेलेल्या ३५० पुरुषांपुरते राज्य जबाबदार ठरले, आणि २०१९ मध्ये, ते तळातच राहिले असते तर वाचण्याची शक्यता एक-दशांश होती, असे धरून भरपाईही तेवढ्याच हिश्श्याने ठरली. न्यायाधीशांनी प्रामाणिकपणे हिशेब केला असेल. एका आईच्या दुःखाला शेकडा दहा हा आकडा लागलेला पाहून मात्र मला वहीत पुढे काही लिहिता आले नाही.

आपल्या देशातले प्रकरणही याच वाटेने गेले आहे. कच्छच्या किनाऱ्यावर मुंद्र्याला जे मोठे औष्णिक वीजकेंद्र झाले, त्याला जागतिक बँकेच्या गटातील आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळाने ४५ कोटी डॉलर कर्ज दिले होते. समुद्रात सोडलेल्या गरम पाण्याने मासळी गेली, कोळशाच्या धुळीने शेती व आरोग्य गेले, अशी मच्छीमार आणि शेतकऱ्यांची तक्रार. महामंडळाच्याच अनुपालन सल्लागार-लोकपाल कचेरीने २०१३ मध्ये देखरेखीतल्या त्रुटी नोंदवल्या. उपाय झाला नाही, म्हणून २०१५ मध्ये ही माणसे वॉशिंग्टनच्या न्यायालयात गेली. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध एक मताने निर्णय दिला की अशा संघटनांना परकीय राज्यांना आज जितकी उन्मुक्ती आहे तितकीच मिळेल, त्याहून अधिक नाही. म्हणजे व्यापारी व्यवहारांपुरती ती नाही. ‘जाम विरुद्ध आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळ’ या नावाने हा निर्णय आता पाठ्यपुस्तकांत आहे, आणि वर्गात तो शिकवला गेला त्या दिवशी मला अभिमान वाटला. परंतु प्रकरण खाली परतले, आणि ज्या कृतीवर दावा उभा होता ती मुळात अमेरिकेत घडली नाही, असे म्हणून २०२० मध्ये ते पुन्हा काढून टाकण्यात आले. अपिलातही तेच टिकले. सिद्धान्त जिंकला, मच्छीमार हरला. दरखास्त कुठे लावायची, असे आमच्या वकीलसाहेबांनी विचारले होते. या माणसांच्या बाबतीत तर हुकूमनाम्यापर्यंतच वेळ आली नाही.

संघटनांच्या जबाबदारीविषयीचे नियम राष्ट्रसंघाच्या विधी आयोगाने २०११ मध्ये लिहून पूर्ण केले आहेत. चुकीची कृती केली तर संघटना उत्तरदायी आहे, भरपाई देणे तिचे कर्तव्य आहे, हे त्यांत स्वच्छ आहे. वाचताना मी समासात एकच शब्द पुन्हा पुन्हा लिहीत गेले: कोर्ट? शेवटच्या दिवशीच्या परीक्षेत बाईंनी मला तोंडी प्रश्न विचारला तो हाच, की तुमच्या हाती लेखणी असती तर काय केले असते. मी म्हटले, उन्मुक्ती राहू दे. परंतु जिथे जिथे संघ आपली माणसे पाठवतो, तिथे तिथे कराराबरोबरच मंडळ नेमलेले असावे, नुसते नेमण्याचे वचन नव्हे. त्याचे सदस्य, पत्ता, अर्जाचा नमुना आणि मुदत पहिल्या तुकडीच्या आधी त्या गावात पोहोचावी. आणि ते मंडळ नसेल तितके दिवस त्या देशातल्या न्यायालयाला उन्मुक्ती मानण्याचे बंधन नसावे. बाई म्हणाल्या, ‘‘राज्ये मानणार नाहीत.’’ मी म्हटले, १९४९ च्या आधी राष्ट्रसंघाला फिर्याद करता येईल, हेही सनदेत लिहिलेले नव्हते.

परत आल्यावर पहिल्या रिकाम्या शनिवारी मी पुण्याला गेले आणि पेशवे दप्तरात अर्ज दिला. १७८३ आणि १७८५ च्या आसपासचे, त्या गावांच्या नगर-हवेली परगण्याशी संबंधित असतील असे रुमाल (कागदांची गाठोडी) पाहायचे आहेत, असे लिहिले. मोडी वाचायला मी माझ्या सासऱ्यांकडून शिकले होते, ते इतक्या वर्षांनी उपयोगी पडत आहे. हेगच्या खंडांत तहाची कलमे होती, वसुलाचा आकडा होता, दोन राज्यांचे वकील होते. ज्यांच्याकडून तो १२,००० रुपयांचा वसूल गोळा व्हायचा होता, त्या रयतेपैकी कोणा एकाचे नाव, एखाद्या पाटलाचे, एखाद्या वारल्याचे, कोणत्या तरी तक्रार-अर्जात किंवा ताळेबंदाच्या कडेला राहिले असेल, तर ते मला वाचायचे आहे. आतापर्यंत दोन रुमाल झाले. पुढची तारीख येत्या शनिवारची आहे.